महागड्या जिमची वार्षिक फी भरण्यापूर्वी: नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत एखाद्या नामांकित साखळीतील जिमची वार्षिक फी आणि शेजारच्या गल्लीतील जिमची वार्षिक फी यांत तिपटी-चौपटीचा फरक सहज आढळतो. हा फरक नेमका कशाचा आहे आणि त्यातला किती भाग आपल्या उपयोगाचा आहे, हे पूर्वी कधी जिममध्ये न गेलेल्या माणसाला रिसेप्शनसमोर बसून ठरवता येत नाही. तिथे डोळ्यांपुढे असतात ती चकचकीत यंत्रे, आज रात्री संपणारी सवलत आणि वर्षभराचा संकल्प. म्हणून निर्णयाचे बरेचसे काम तिथे जाण्यापूर्वी, घरी कागद-पेन घेऊन उरकावे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: नवख्या माणसाने जादा पैसे तीनच गोष्टींसाठी मोजावेत. जागा घर किंवा कचेरीजवळ हवी, आपल्या वेळेला साधने मोकळी मिळायला हवीत आणि लक्ष देऊन शिकवणारा प्रशिक्षक हवा. या तिन्ही गोष्टी पैसे भरण्यापूर्वी तपासून पाहता येतात आणि त्या कशा तपासाव्यात हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: जिम कशासाठी हवी ते ठरवावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. यातील पहिला भाग रस्त्यावर, बागेत किंवा सोसायटीच्या आवारात झपझप चालून पुरा होतो. त्यासाठी वातानुकूलित सभागृहातील ट्रेडमिलचे भाडे भरण्याची गरज नाही. दुसऱ्या भागासाठी मात्र वजन हळूहळू वाढवता येईल अशी साधने आणि ती कशी वापरावीत हे सांगणारा माणूस लागतो. जिमचा खरा उपयोग इथे आहे. ज्यांना केवळ चालायचे आहे, त्यांनी हा लेख इथेच थांबवून चांगले बूट घ्यावेत, हे मी मनापासून सांगतो.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा सांध्यांचा जुना त्रास असेल, तर कोणत्याही जिमची चौकशी करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि कोणत्या हालचाली टाळायच्या हे त्यांच्याकडून लिहूनच घ्यावे.

दुसरी पायरी: फी वर्षाची नव्हे, हजेरीची मोजावी

समजा, महागड्या जिमची वार्षिक फी ४२,००० रुपये आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला की ४४,१०० रुपये होतात. वर्षातून १०० वेळा, म्हणजे आठवड्याला साधारण दोनदा गेल्यास एका हजेरीचा खर्च ४४१ रुपये पडतो. सुरुवातीचा उत्साह ओसरून वर्षभरात ३६ वेळाच जाणे झाले, तर तोच खर्च १,२२५ रुपये होतो. कोपऱ्यावरच्या जिममध्ये वर्षाला १२,००० रुपये भरून १०० वेळा गेल्यास एका हजेरीला १२० रुपये पडतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्याला सांगितलेली फी त्यांच्या जागी घालून हाच भागाकार करावा आणि हजेरीचा आकडा टाकताना स्वतःशी प्रामाणिक राहावे. कचेरीचे काम लांबण्याचे दिवस, मुलांच्या परीक्षा, गणपती-दिवाळी, लग्नसराई आणि गावाकडच्या फेऱ्या वजा केल्यावर हातात येतो तो खरा आकडा.

हजेरीचा अंदाज बांधताना माणसे स्वतःविषयी फार आशावादी असतात, हे संशोधनातही दिसले आहे. स्टेफानो डेलाविग्ना आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची नोंद तपासून २००६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक फी देणारे सभासद सरासरी महिन्यातून ४.३ वेळाच येत होते, म्हणजे त्यांना एक हजेरी १७ डॉलरहून महाग पडत होती. त्याच क्लबात दहा हजेऱ्यांचा पास घेतला असता, तर एक हजेरी १० डॉलरला पडली असती. देश वेगळा आहे आणि काळही, परंतु भरलेल्या फीमुळे आपोआप पाय जिमकडे वळतील, ही समजूत आपल्याकडेही तितकीच जोरात आहे. फीचा धाक पहिल्या काही आठवड्यांपुरता चालतो. त्यानंतर माणूस नियमित जातो तो जागा जवळ असल्यामुळे आणि तिथे आपले काम वेळेत उरकते म्हणून.

याच हिशेबातून मासिक आणि वार्षिक फीची तुलनाही करून घ्यावी. वरच्या उदाहरणातील जिम मासिक ५,००० रुपये घेत असेल, तर करासह ५,२५० रुपये होतात आणि वार्षिक फी नवव्या महिन्यातच वसूल होऊ लागते. पहिले तीन महिने मासिक दराने भरून मग वार्षिक सभासदत्व घेतले, तर त्या तीन महिन्यांसाठी वार्षिक दरापेक्षा ४,७२५ रुपये जास्त जातात. याउलट, सुरुवातीलाच वर्षाचे पैसे भरून तीन महिन्यांनी जाणे थांबले, तर मासिक दराने तीन महिने भरण्यापेक्षा २८,३५० रुपये जादा पाण्यात जातात. नवख्या माणसाने पहिली रक्कम आनंदाने सोसावी. विक्री करणारा कर्मचारी नेमके उलटे पटवून देईल, कारण त्याला महिन्याचे लक्ष्य गाठायचे असते; त्याचा राग मानू नये, पण त्याचे ऐकूही नये.

तिसरी पायरी: आपल्या वेळेला जाऊन पाहावे

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि बहुतेक लोक तीच गाळतात. जिम दाखवण्यासाठी सहसा दुपारी बोलावतात, कारण त्या वेळी सभागृह रिकामे असते. आपण संध्याकाळी सात वाजता व्यायाम करणार असाल, तर संध्याकाळी सातलाच आणि तेही सोमवारी किंवा मंगळवारी जावे, कारण आठवड्याच्या सुरुवातीला गर्दी जास्त असते. जानेवारीत पाहणी करत असाल, तर दिसणारी गर्दी मार्चपर्यंत बरीच कमी होईल हे ध्यानात ठेवावे. एक दिवसाची मोफत चाचणी बहुतेक मोठ्या जिम देतात. ती मागून घ्यावी.

आत गेल्यावर नवीन यंत्रांची संख्या मोजत बसू नये. बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावण्याची लांब दांडी, ठेवण्याच्या रॅकपाशी दहा मिनिटे उभे राहावे आणि एक माणूस आटोपल्यावर दुसऱ्याला किती वेळ थांबावे लागते ते पाहावे. तीसेक ट्रेडमिल आणि स्क्वॉटसाठी, म्हणजे वजन घेऊन मारायच्या बैठकांसाठी, एकच रॅक अशी मांडणी महागड्या जिममध्ये सर्रास आढळते. ज्याला ताकद कमवायची आहे, त्याच्या दृष्टीने ती गल्लीतल्या जिमहून वरचढ नाही. मग डंबेलच्या मांडणीकडे जावे. नवख्या माणसाला ५ किलोनंतर थेट १० किलोचे डंबेल उचलावे लागले, तर त्याची प्रगती तिथेच अडते किंवा खांदा दुखावतो, म्हणून मध्ये ७.५ किलोचे डंबेल आहे का आणि बारबेलसाठी सव्वा किलोच्या लहान प्लेट्स आहेत का, हे पाहावे. केबलच्या यंत्रावर कप्पीजवळची तार उसवलेली किंवा तिच्यावरचे प्लास्टिक सोललेले दिसले, किंवा वजन निवडण्याच्या मूळ पिनेऐवजी कुणी खिळा अडकवलेला आढळला, तर त्या जिमची देखभाल कशी चालते हे वेगळे विचारावे लागत नाही. असा खिळा मी साध्या जिममध्ये पाहिला आहे आणि भरपूर फी घेणाऱ्या जिममध्येही पाहिला आहे.

कपडे बदलण्याची खोली, तिची कडी, न्हाणीघरातील पाणी आणि पिण्याच्या पाण्याची सोय आवर्जून तपासावी. व्यायाम करताना कुणी कोसळले, तर प्राथमिक उपचार आणि सीपीआर (हृदय थांबल्यास छाती दाबून करायचा तातडीचा उपचार) देता येणारा कर्मचारी प्रत्येक पाळीत असतो का, हे स्पष्ट विचारावे; भरपूर फी घेणाऱ्या जिमकडून या प्रश्नाचे ठाम उत्तर मिळालेच पाहिजे. स्टीम, सॉना, ज्यूसचा काउंटर आणि मसाजच्या खुर्च्या यांचा निर्णयात विचारच करू नये. शरीरातील चरबीचे प्रमाण छापून देणाऱ्या यंत्राच्या मोफत तपासणीलाही फार महत्त्व देऊ नये, कारण पाणी किती प्यायले आणि जेवण कधी झाले यानुसार त्याचे आकडे हलतात.

अंतर मोजताना नकाशावरचे किलोमीटर मोजू नयेत. घरातून निघून गाडी लावून आत पोहोचेपर्यंत किती मिनिटे लागतात, हे गर्दीच्या वेळेला प्रत्यक्ष जाऊन मोजावे. पंधरा मिनिटांहून जास्त लागत असतील, तर तितकीच चांगली नसलेली पण जवळची जिम निवडावी, असा माझा सल्ला आहे.

चौथी पायरी: पैसा प्रशिक्षकावर आधी खर्च करावा

नवख्या माणसाच्या दृष्टीने जिममधील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे शिकवणारा माणूस, आणि महागड्या जिमच्या मूळ फीमध्ये तो बहुधा मिळत नाही. फीमध्ये मिळतो तो सभागृहात फिरणारा प्रशिक्षक, ज्याच्याकडे एका वेळी पंधरा-वीस माणसे असतात. वैयक्तिक प्रशिक्षण, ज्याला जिममध्ये सगळे पीटी म्हणतात, त्याचे पॅकेज वेगळे असते आणि कधीकधी त्याची दोन-तीन महिन्यांची रक्कम वार्षिक फीच्याही पुढे जाते. म्हणून फीची चौकशी करतानाच पीटीचा दर, एका सत्राची मिनिटे आणि पॅकेजची मुदत लिहून घ्यावी.

माझ्या मते बहुतेकांसाठी सर्वांत शहाणपणाची वाटणी अशी आहे: जवळची, नीटनेटकी, मध्यम फीची जिम घ्यावी आणि वाचलेल्या पैशांतून पहिल्या महिन्यात चांगल्या प्रशिक्षकाची आठ ते बारा सत्रे घ्यावीत. एवढ्या सत्रांत बैठक, वजन जमिनीवरून उचलणे, छातीसमोरून आणि डोक्यावर ढकलणे आणि पाठीकडे ओढणे, या मूळ हालचाली बऱ्यापैकी बसतात. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतून एखादे सत्र तपासणीसाठी पुरते.

प्रशिक्षक पारखताना त्याचे दंड पाहू नयेत. एसीई, एसीएसएम, एनएससीए किंवा के११ यांसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे आणि चाचणीच्या दिवशी तो दुसऱ्या नवख्या माणसाला कसे शिकवतो याकडे लक्ष द्यावे. चांगला प्रशिक्षक आधी जुनी दुखणी, झोप आणि कामाचे स्वरूप विचारतो, वजन कमी ठेवतो, बाजूने उभा राहून हालचाल पाहतो आणि मोबाइल खिशात ठेवतो. पहिल्याच दिवशी प्रोटीनचा डबा किंवा चरबी जाळणाऱ्या गोळ्या विकू पाहणाऱ्यापासून दूर राहावे.

पाचवी पायरी: जादा फी कोणासाठी योग्य ठरते

काही लोकांसाठी महागडी जिमच योग्य असते आणि त्यांनी संकोच न करता ती घ्यावी. पहिला विचार स्त्रियांचा करायला हवा. वस्तीतील अनेक जिममध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र कपडे बदलण्याची खोली नसते, किंवा ‘लेडीज बॅच’ म्हणून भरदुपारची वेळ दिलेली असते, जी नोकरी करणाऱ्या बाईच्या काहीच कामाची नसते. पहाटे सहाला किंवा रात्री नऊला निर्धास्तपणे जाता येईल, स्त्री प्रशिक्षक असेल आणि कुणी टक लावून पाहिल्यास व्यवस्थापन दखल घेईल, अशी जागा जास्त पैसे दिल्यावरच मिळत असेल, तर ते पैसे चैनीचे मानू नयेत.

पाळीत काम करणाऱ्यांना २४ तास उघडी असणारी जिम, सतत फिरतीवर असणाऱ्यांना अनेक शहरांत चालणारे सभासदत्व आणि पोहायचे असणाऱ्यांना तलाव असलेला क्लब हीसुद्धा खरी कारणे आहेत. वातानुकूलनाची सोयही प्रदेश पाहून तोलावी. नागपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या दमट ऑक्टोबरमध्ये पत्र्याखालच्या जिममध्ये तासभर व्यायाम करणे प्रत्येकाला झेपणारे नाही, तर नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात त्याची गरजही भासत नाही.

ज्यांचा हात आखडता आहे, त्यांनी जुन्या व्यायामसंस्थांची चौकशी अवश्य करावी. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्रीय मंडळ, अमरावतीत १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, दादरच्या शिवाजी पार्कवरचे समर्थ व्यायाम मंदिर अशा संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे घडवली आहेत, आणि कोल्हापूर-पुण्याच्या तालमींत आजही जोर-बैठका नीट शिकवणारे वस्ताद आहेत. अशा ठिकाणची शिस्त नवख्या माणसाला फार उपयोगी पडते, आणि या संस्थांकडे आपला मध्यमवर्ग पाठ फिरवतो याचे मला खरोखर वाईट वाटते.

सहावी पायरी: पावती आणि पैसे भरण्याची पद्धत

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ४२,००० रुपयांच्या फीवर पूर्वी करासह ४९,५६० रुपये होत, ते आता ४४,१०० होतात. मात्र या ५ टक्क्यांच्या दरात जिमचालकाला स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे काही ठिकाणी मूळ फीच वाढवलेली असू शकते. जुन्या सभासदाला गेल्या वर्षीची पावती विचारून तुलना करावी. कर लावला असेल, तर पावतीवर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे.

‘नो-कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणून देऊ केलेले मासिक हप्ते, हे बहुतेक वेळा वित्तसंस्थेचे कर्ज असते. जिमला वर्षाचे पैसे पहिल्याच दिवशी मिळतात आणि आपले हप्ते सुरू राहतात, मग आपण जात असू किंवा नसू, किंवा जिम बंद पडलेली का असेना. खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी दिली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती सूचना वाचावी आणि सभासदत्व संपवताना बँकेकडील परवानगीही रद्द करावी, नुसते जिमला कळवून थांबू नये.

सातवी पायरी: करार वाचावा

अर्जाच्या मागच्या बाजूला किंवा ॲपमधील अटींत बारीक अक्षरात जे छापलेले असते, तेच अडचणीच्या वेळी पुढे केले जाते. आजारपण, बदली किंवा परगावी जाण्यामुळे सभासदत्व किती दिवस थांबवता येते आणि त्यासाठी आधी कळवावे लागते का, ते दुसऱ्याच्या नावे करता येते का आणि त्याचे शुल्क किती, शाखा हलवली किंवा बंद केली तर पर्यायी शाखा किती अंतरावर दिली जाईल, या प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत. ‘ते आपण बघून घेऊ’ हे तोंडी आश्वासन मिळाले, तर तेच वाक्य जिमच्या अधिकृत ईमेलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून लिहून मागावे.

जिम बंद पडण्याची शक्यता कल्पनेतली नाही. महाराष्ट्रातील जिम टाळेबंदीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी, पुन्हा उघडल्या. त्या काळात वर्षाची फी भरून बसलेल्यांना मुदतवाढ मिळणार की नाही, हे बव्हंशी करारावर आणि चालकाच्या सौजन्यावर अवलंबून राहिले. मोठे नावही हमी देत नाही. मुंबईत १९३२ पासून व्यायामक्षेत्रात नाव असलेल्या तळवलकर्सची कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली आणि २०१९ मध्ये कर्जफेड थकल्यामुळे अडचणीत आली. म्हणून दोन किंवा तीन वर्षांच्या फीवर कितीही मोठी सवलत मिळत असली, तरी एका वर्षापलीकडचे पैसे एकदम भरू नयेत.

‘भरलेली फी परत मिळणार नाही’ असे पावतीवर छापलेले असले, तरी आश्वासन दिलेली सेवा न मिळाल्यास तक्रार करण्याचा हक्क त्या ओळीने जात नाही. निव्वळ आपला विचार बदलला, तर परतावा कराराप्रमाणेच मिळेल. परंतु जिम बंद झाली, तलाव दाखवून फी घेतली आणि तो वर्षभर कोरडा ठेवला, अशा गोष्टी सेवेतील त्रुटी ठरू शकतात. आधी लेखी तक्रार करावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी आणि तरीही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पावती, जाहिरातीचा फोटो आणि संदेशांच्या प्रती यासाठीच जपून ठेवाव्यात.

आठवी पायरी: तीन महिन्यांनी पुन्हा हिशेब

मासिक फीचे तीन महिने संपत आले की जिमच्या ॲपमधून किंवा बोटाच्या ठशाच्या यंत्रातून आपल्या हजेरीची नोंद मागून घ्यावी. तीन महिन्यांत पंचवीसहून अधिक हजेऱ्या असतील, म्हणजे आठवड्याला दोनदा जाणे टिकले असेल आणि वापरलेली वजने वाढली असतील, तर वार्षिक फीची बोलणी सुरू करावीत. ही बोलणी महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत करावीत. जाहिरातीतील दर हा शेवटचा दर नसतो. रोख सवलत मिळत नसेल, तर सभासदत्व थांबवण्याचे जादा दिवस किंवा पीटीची दोन-चार सत्रे मागावीत आणि जे मिळेल ते पावतीवर लिहून घ्यावे. हजेऱ्या कमी भरल्या असतील, तर आणखी तीन महिने मासिक फीच भरावी, किंवा घरापासून चालत जाता येईल अशा जिममध्ये नाव घालावे.